एनॉक क्लेग, गोत्र काश्यप

माझ्या थुंकीला कधी एवढा भाव येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला मधल्याच थांब्यावर उतरवलं असतं. एसटीत कंडक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली निम्मी खिडकीतून थुंकणाऱ्यांशी भांडण्यात गेली. आता गाड्या आपल्या आपण चालतात, तिकिटं आपल्या आपण निघतात, आणि मी इगतपुरीला स्टेशनमागे एकटी राहते. मिस्टर गेले, मूलबाळ नाही. माहेर नाशकात, हाकेच्या अंतरावर म्हणा ना, पण तिथल्यांशी बोलणं बंद. तर एका सकाळी दार उघडते तो समोर भावाचा मुलगा निहार. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात काचेची नळी.

"आत्या, यात थुंकतेस का जरा?"

"आधी आत तरी ये," मी म्हटलं. "इतक्या वर्षांनी आलास आणि चहाच्या आधी थुंकायला सांगतोस? आईने हेच शिकवलं का?"

निहार तसा गुणी पोरगा. लहानपणी सुट्टीत माझ्या गाडीतून फेऱ्या मारायचा आणि 'पुढे सरका, पुढे सरका' माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा. पुढे इंजिनीअर झाला. पण त्याचं पास होणं आणि त्या कामाची यंत्रं बाजारात येणं एकदमच झालं. तेव्हापासून बिचारा घरी बसून होता.

पेढे खाता खाता त्याने सांगितलं ते असं. इंग्लंडात म्हणे तरुण माणूस औषधालाही उरलेला नाही. गावंच्या गावं म्हाताऱ्यांची. बाहेरच्यांना घ्यायचं तर तिथल्या जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या. म्हणून सरकारने मधला मार्ग काढला. पूर्वी पोटासाठी देश सोडून गेलेल्या साध्यासुध्या इंग्रजांचे वंशज जगात कुठेही असोत, त्यांनी परत यावं. म्हणजे माणसंही मिळतात आणि 'परके कुठे, आपलेच तर आहेत' असं म्हणायची सोयही होते. निहारची हेझलशॉ नावाच्या गावातली नोकरी पक्की होती. कसली, तर बसमधल्या कंडक्टरची. तिथल्या म्हाताऱ्यांना बिनमाणसाच्या बसमध्ये चढायला भीती वाटते. 'या आजी, सावकाश, धरून बसा' असं म्हणणारं कुणीतरी त्यांना हवं असतं.

"तुझी आई काय म्हणते यावर?" माझी भावजय स्नेहल हिने लग्न होऊन आल्यापासून माझ्या नोकरीला नाकं मुरडली होती.

"ती सगळ्यांना सांगते, मुलगा इंग्लंडला ट्रान्सपोर्ट कन्सल्टंट होणार."

मला ठसकाच लागला.

आम्हा वालझाड्यांमध्ये, म्हणजे माझ्या माहेरच्या घराण्यात, एक 'गोरा आजा' होऊन गेला, अशी कुजबुज मी लहानपणी ऐकली होती. विचारायला गेलं की मोठी माणसं आम्हाला अंगणात पिटाळायची. आता तोच आजा सगळ्या भावकीला हवाहवासा झाला होता. पण नुसता हवा असून भागत नव्हतं. तो निदान पंचवीस टक्के उभा करून दाखवायचा, अशी अट होती.

"उभा करायचा म्हणजे? हाडं तरी सापडलीत का त्याची?"

"हाडं कशाला हवीत? आपण आहोत ना." निहारने खुर्ची पुढे ओढली. "समज, एका आजोबांना एक लांबलचक आरती पाठ होती. त्यांच्या प्रत्येक मुलाला त्यातल्या निम्म्याच ओळी आठवतात, याला या, त्याला त्या. त्यांच्या मुलांना त्यातल्या निम्म्या. पाचव्या पिढीपर्यंत प्रत्येकाकडे दोन-चार ओळी उरतात. पण सगळ्या भावकीला एकत्र बसवून म्हणायला लावलं, तर बरीचशी आरती परत जुळते. आपल्या थुंकीतल्या पेशींत त्या ओळी असतात."

"आणि त्यातल्या इंग्रजाच्या कोणत्या, हे कसं कळतं?"

"यंत्राला दोन्हीकडच्या लाखो माणसांच्या ओळी माहीत आहेत. साहेबाच्या ओळी आपल्यात वेगळ्या उठून दिसतात. शिवाय भुसावळचा चुलतभाऊ आणि कल्याणची चुलतबहीण, दोघांकडे तीच ओळ निघाली, तर ती मधल्या समाईक पूर्वजाचीच असणार."

भुसावळ, कल्याण, सिन्नर असं सगळीकडे फिरून पोराने नळ्या भरून आणल्या होत्या. एकट्या श्रीरामपूरच्या विलासकाकांनी दार उघडलं नव्हतं. ते देवाच्या वर्गणीलाही उघडत नाहीत. आजा साडेतेवीस टक्क्यांवर येऊन अडकला होता.

"पण तुझ्या बापाने दिलीय ना? मी त्याची सख्खी बहीण. माझी आणखी कशाला?"

"सख्ख्या भावंडांनाही वेगवेगळ्या ओळी मिळतात गं. बाबांकडे नाहीत अशा तुझ्याकडे असणारच. दीड टक्का तर सहज."

मग त्याने फोनमधून माझ्या भिंतीवर आजा दाखवला. नाव एनॉक क्लेग. हेझलशॉच्या दोन म्हाताऱ्या बहिणींशी आमच्या ओळी जुळल्या होत्या, आणि त्यांच्या घरातून त्या काळी परागंदा झालेला मुलगा चर्चच्या दप्तरात एकच होता. बाप हातमागावर कापड विणायचा. गिरण्या आल्या आणि माग बसला. पोरगा बोटीवर कोळसा टाकत मुंबईला आला, आणि मग थळघाटात रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकू लागला. पुढे इगतपुरीची ठकूबाई, दोन मुलं, आणि पटकी. संपला.

"म्हणजे साहेब वगैरे नव्हताच?"

"आत्या, त्याला सहीसुद्धा येत नव्हती."

मला तो माणूस एकदम आवडला. यंत्राने त्याच्या बापाला घरी बसवलं म्हणून तो इकडे आला, आणि यंत्राने निहारला घरी बसवलं म्हणून हा तिकडे निघाला होता. दिसायला म्हणाल तर हुबेहूब माझा भाऊ हेमंत, फक्त डोळे निळे. तेच टक्कल, तोच बसका बांधा, तेच सपाट पाय. मिशा तेवढ्या त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. जिथे ओळी सापडल्या नाहीत तिथे यंत्राने त्या काळच्या सरासरी इंग्रजाच्या भरल्या होत्या.

"आणि ही एक गंमत बघ," निहार म्हणाला. "एनॉकला कोथिंबीर साबणासारखी लागत असणार. कोथिंबिरीच्या आणि साबणाच्या वासात काही रेणू सारखेच असतात. काहींच्या नाकातलं एक जनुक त्यांनाच नेमकं पकडतं. आपल्याकडे अशी माणसं कमी, तिकडे जास्त."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

आता इथे मला निहारच्या बहिणीच्या, सईच्या, लग्नाबद्दल सांगायला हवं. स्नेहलची कोथिंबीरवडी साऱ्या नातलगांत नावाजलेली. मांडवात विहीणबाईंनी मला विचारलं, "कशी झालीय वडी?" मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "अंघोळीच्या साबणासारखी." झालं! स्नेहलने रडून मांडव डोक्यावर घेतला. माझ्या जिभेलाच रोग आहे, मला तिचं चांगलं बघवत नाही, कंडक्टरच शेवटी, वगैरे. मी हेमंतकडे वळले. "तूच सांग. साबण लागतो की नाही?" कारण लहानपणी आम्ही दोघंच वरणातली कोथिंबीर वेचून ताटाखाली लपवायचो. दोघांनी मिळून आईचा मार खाल्लाय त्यापायी. हेमंतने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा ताटाकडे. "ताई, उगाच काहीतरी बोलू नकोस," म्हणाला, आणि आणखी एक वडी उचलून तोंडात टाकली. मी तशीच उठले. त्यानंतर भाऊबीज नाही, राखी नाही, फोन नाही. वडीचं मला काही नव्हतं हो. माझा भाऊ मला भर मांडवात खोटं पाडून गेला, हे मला सहन झालं नाही.

"ही ओळ," मी निहारला विचारलं, "मिळाली कुणाच्या थुंकीत?"

निहारने बोट फिरवलं. वाचलं. मग हळूच म्हणाला, "बाबांच्या."

"तुझ्या बापाला सांग, आत्या थुंकेल. पण आधी त्याने तुझ्या आईसमोर वडी खायची आणि कशी लागते ते खरं सांगायचं."

"आत्या, त्यापेक्षा इंग्लंडच्या राजाची सही आणणं सोपं आहे गं."

पोरगा रिकामी नळी घेऊन गेला आणि मी दिवसभर अस्वस्थ राहिले. अर्जाची मुदत जवळ आलेली. भावाच्या भांडणात भाचा भरडला जातोय हे मला कळत होतं. पण इतकी वर्षं धरून ठेवलेलं एका पेढ्यावर सोडायचं, हेही जमत नव्हतं.

त्याच आठवड्यात खुद्द स्नेहल आली. साडी, फळं, आणि तोंडात "ताई, ताई". लोक थुंकी झेलतात म्हणतात, तसली माणसं मी नोकरीत साहेबांपुढे पुष्कळ पाहिली होती. पण अक्षरशः झेलायला आलेली ही पहिलीच. पर्समधून तिने एक नवाकोरा कप काढला. "तुमच्यासाठी आणलाय. यातच घ्या हं चहा." आणि मी चहा पिते की नाही इकडे डोळे लावून बसली. म्हटलं, अस्सं आहे काय! कप घेऊन मी मागच्या पडवीत गेले. तिथे शेजारच्या यमुनाबाईंची शेळी बांधलेली असते. तिला चहाची चटक आहेच. तिने कप आतून-बाहेरून चाटून लख्ख केला. स्नेहलने तो रुमालात गुंडाळला आणि "धुऊन पाठवते" म्हणून घाईघाईने निघाली.

प्रयोगशाळेचं उत्तर निहारने मला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. 'दाता वालझाडे घराण्यातील नाही. दाता मनुष्य असल्याची खात्री करावी.'

दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा आवाज पडलेला होता. "आत्या, सर्वपित्रीला आई एनॉकचं पान घालणारेय. तू ये. बाबांनीच सांगितलंय, ये म्हणून."

"तो बोलणार आहे का?"

"ते नाही म्हणाले काही. नुसतं, ये म्हणाले."

गेले. न जाऊन सांगते कुणाला?

हेमंत दारात उभा होता. खूप म्हातारा दिसला. "ये," म्हणाला आणि बाजूला झाला.

हॉलमध्ये एनॉक क्लेग हार घालून भिंतीवर. स्नेहलने यंत्राकडून त्याच्या डोक्यावर हॅट आणि छातीवर दोन पदकं चढवून घेतली होती. गुरुजी त्र्यंबकहून पडद्यावर, एकाच वेळी चार घरी सांगत होते. आमची पाळी आली.

"नाव?"

"एनॉक क्लेग," हेमंत म्हणाला.

"गोत्र?"

हेमंतने घसा खाकरला. "गुरुजी, ते इंग्रज होते."

"असू देत. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप. म्हणा, काश्यपगोत्रोत्पन्नस्य..."

असा आमचा फायरमन काश्यप गोत्रात दाखल झाला. मग पान आणि गुरुजींचा पडदा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. खीर, वडे, कढी, भोपळा, गवार, आणि कडेला दोन बिस्किटं, साहेबाला सवयीची म्हणून. आणि साऱ्यांवर कोथिंबीर. कढीत कोथिंबीर, गवारीवर कोथिंबीर, आणि मधोमध मानाच्या जागी कोथिंबीरवडी. ज्याला जन्मभर साबण लागला असता, त्याच्या पानावर हिने सगळं शेत उपटून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार होते. पण हेमंतकडे बघितलं आणि मिटलं.

नाशकात आता कावळे फारसे उरलेले नाहीत. भाड्याने यांत्रिक कावळा मिळतो, पण तो वाटेल त्या पानाला शिवतो, म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास नाही. आमच्या इमारतीवर खरेखुरे दोन कावळे आले. शेजारच्या पानाला शिवले, पलीकडच्या पानाला शिवले. एनॉकच्या पानापाशी आले, मान तिरकी करून बघितलं आणि कठड्यावर जाऊन बसले.

वेळ जाऊ लागला तशी स्नेहल रडकुंडीला आली. "काहीतरी इच्छा राहिलीय त्यांची. बोला ना कुणीतरी! पोराचं सगळं अडलंय."

"आजोबा, मी तुमच्या गावाला जातोय, सगळ्यांना तुमचा निरोप सांगेन," निहार म्हणाला. कावळे ढिम्म. "तुमच्या नावाने दरवर्षी पान घालू," स्नेहल म्हणाली. एका कावळ्याने पाठ फिरवली.

आणि हेमंत खाली बसला. पानावरची कोथिंबीर दोन बोटांनी एकेक पान करत वेचून काढायला लागला. कढीतली, गवारीवरची, सगळी.

"अहो, हे काय करताय?"

"साबण लागतो," तो मान वर न करता म्हणाला. "याला लागत असणार. मलाही लागतो. ताईला लागतो तसाच. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून."

स्नेहलचा आवाज आला, अगदी बारीक. "मग इतकी वर्षं खाल्लीत कशी वडी?"

"गिळायचो. चावायचो नाही." आता त्याने तिच्याकडे बघितलं. "तू पहिल्यांदा केलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. मी छान म्हणून गेलो. मग तू दुसऱ्या दिवशी परत केलीस. नंतर सांगायचं कसं?"

"अहो, मला स्वतःला कुठे आवडते कोथिंबीर!" स्नेहल पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसली. "तुम्हाला आवडते म्हणून करायचे मी! निवडून निवडून बोटं काळी झाली माझी. पोरीच्या लग्नातसुद्धा तुमच्यासाठीच केली होती!"

निहार कठड्याकडे तोंड करून खांदे हलवत होता. मलाही हसू फुटलं. तेवढ्यात एक कावळा खाली उतरला आणि बिस्किट घेऊन उडाला. कोथिंबिरीचं त्याला काय असणार, शेजारच्या पानांवरही होतीच की. पण गुरुजी पडद्यावरून म्हणाले, "शिवला? झालं मग," आणि तिसऱ्या घरी गेले.

हेमंत माझ्यासमोर आला. "ताई, त्या दिवशी वडी साबणासारखीच होती. तू खरं बोललीस. मी नाही बोललो."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि ऐकलं तेव्हा मनात पहिला विचार काय यावा? की याला माझी थुंकी हवीय म्हणून हा बोलतोय. मनातला विंचू इतक्या सहजी मरत नाही. पण शब्द म्हणजे शब्द. आम्ही खाली आलो, मी नळी घेतली आणि पार काठोकाठ भरून दिली.

मुदत जवळ आली म्हणून निहारने प्रयोगशाळेचं छोटं यंत्र घरीच आणून ठेवलं होतं, त्यात त्याने ती लावली. आम्ही जेवायला बसलो. यंत्र वाजलं तसा निहार उठून बघायला गेला.

"किती?" स्नेहलने विचारलं.

"साडेतेवीस."

"आणि ताईंचे धरून?"

"धरूनच." तो वळला. "आत्याकडे एनॉकच्या ज्या ओळी आहेत, त्याच बाबांकडे आहेत. सगळ्याच्या सगळ्या. एकही वेगळी नाही. असं फार म्हणजे फारच क्वचित होतं."

एका आजाकडून आम्ही दोघांनी नेमकं तेच उचललं होतं. मला धड आनंदही होईना आणि वाईटही वाटेना. पण पोराचा चेहरा बघवत नव्हता. आणि स्नेहलचा पारा चढला.

"म्हणजे एवढं सगळं कशासाठी? ताई, तुम्ही त्याच दिवशी थुंकला असतात तर निदान दुसरं कुणी शोधायला वेळ मिळाला असता! शेळीला चहा पाजायला सुचलं तुम्हाला. नेहमीचंच आहे तुमचं, सगळ्यांना वेठीला धरायचं आणि वर..."

"स्नेहल."

हेमंतने आवाज चढवला नाही. ताट बाजूला सरकवलं फक्त. "ताईला काही बोलायचं नाही."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. माझा घास तोंडातच राहिला. कारण आता माझी थुंकी कवडीमोलाची होती. तिच्यात नवीन काही नव्हतं, मी त्यांच्या काही उपयोगाची नव्हते, आणि खरं सांगायचं तर स्नेहलचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. तरी तो बोलला. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज मोठा, रडणंही मोठंच येतं. स्नेहलने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

मग मी पदराने तोंड पुसलं. "निहार, श्रीरामपूरचा विलास दार उघडत नाही म्हणालास?"

"तीनदा गेलो, आत्या. आतून टीव्हीचा आवाज येतो, पण दार नाही उघडत."

"बंद मुठीतून सुट्टे काढण्यात जन्म गेलाय माझा. त्याचं दार ते काय. आत्ता निघालं तर अंधाराच्या आत पोचू."

हेमंत उठून चपला शोधायला लागला. "ताई, मीपण येतो."

"ये," मी म्हटलं. "दार मी वाजवीन. बोलायचं मात्र तू."